पहिल्या प्रयत्नातला श्वास कुणाच्या लेकराला?

आयर्लंडची राजधानी डब्लिन. तेथील नॅशनल मॅटर्निटी हॉस्पिटल या बाळंतपणाच्या रुग्णालयातील डॉक्टरांनी एक साधा प्रश्न स्वतःला विचारला. ज्या नवजात बाळाला स्वतःच्या बळावर श्वास घेता येत नाही, त्याच्या श्वासनलिकेत नळी घालताना डॉक्टरने नुसत्या डोळ्यांनी घशात पाहून ती घालावी, की टोकाला कॅमेरा असलेले उपकरण वापरून पडद्यावर पाहून घालावी? चिठ्ठ्या टाकून वाटणी करावी तशी बाळांची दोन गटांत वाटणी केली. प्रत्येक गटात १०७ बाळे. पडदा असलेल्या गटात ७९ बाळांना, म्हणजे शंभरात ७४ जणांना पहिल्याच प्रयत्नात नळी बरोबर बसली. जुन्या पद्धतीच्या गटात ४८ बाळांना, म्हणजे शंभरात ४५ जणांना. २०२४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या जगन्मान्य नियतकालिकात हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

वाचक म्हणतील, हे डॉक्टरांचे काम. आंबेडकरी चळवळीच्या दैनिकात, वकिली करणाऱ्या माणसाने यावर लिहायचे कारण काय? कारण असे की ७४ आणि ४५ या दोन आकड्यांमध्ये २९ लेकरांचे अंतर आहे. आणि असे अंतर जेथे जेथे पडते तेथे तेथे अलीकडे कोण आणि पलीकडे कोण, हे विचारण्याची शिकवण आम्हाला बाबासाहेबांनी दिली आहे. रस्ता, पाणी, शाळा, नोकरी यांबाबत आम्ही हा प्रश्न विचारत आलो. आता तो रुग्णालयातल्या यंत्राबाबतही विचारला पाहिजे.

तीस सेकंदांची लढाई

आधी हे काम काय असते ते समजून घेऊ. जन्मणाऱ्या शंभर बाळांपैकी सुमारे दहा बाळांना पहिला श्वास घेण्यासाठी काही ना काही मदत लागते. कोरडे पुसणे, पाठ चोळणे, ऊब देणे, आणि तेवढ्याने भागले नाही तर तोंडावर मास्क ठेवून पिशवी दाबून हवा देणे, एवढ्यावर बहुतेक बाळे रडू लागतात. त्यापुढची मदत शंभरात जेमतेम एखाद्या बाळाला लागते. अपुऱ्या दिवसांची, किलो-दीड किलोची बाळे, जन्मताना घुसमटलेली बाळे यांत असतात. त्यांच्या श्वासनलिकेत नळी घालून हवा थेट फुप्फुसात पोचवावी लागते.

ही नळी किती जाड? किलोभराच्या आतल्या बाळासाठी आतून अडीच मिलिमीटर. पेनातली रिफिल डोळ्यांसमोर आणा. बाळाचे तोंड एवढेसे, जीभ त्या मानाने मोठी, घशात चिकटा. डॉक्टर एका हाताने लॅरिंगोस्कोप नावाचे दिवा लावलेले धातूचे पाते तोंडात घालतो, जीभ बाजूला सारतो, घशातला पडदा उचलतो आणि वाकून, डोळा बारीक करून आत पाहतो. स्वरतंतूंची फट दिसली की दुसऱ्या हाताने नळी त्यातून सरकवायची. त्याच फटीच्या मागे अन्ननलिका असते. नळी चुकून तिकडे गेली तर हवा पोटात जाते आणि बाळ निळे पडते. एका प्रयत्नाला तीस सेकंदांहून अधिक वेळ घेऊ नये असा नियम आहे. नाही जमले तर थांबायचे, मास्कने हवा द्यायची, पुन्हा प्रयत्न करायचा. प्रत्येक जादा प्रयत्नागणिक प्राणवायू घसरण्याचा, हृदयाचे ठोके मंदावण्याचा, नाजूक घशाला इजा होण्याचा धोका वाढतो. मेंदूला प्राणवायू कमी पडला तर बाळ जगते, पण आयुष्यभराचे अपंगत्व घेऊन जगते. अशा लेकराला कडेवर घेऊन अपंगत्वाच्या दाखल्यासाठी खेटे घालणाऱ्या माता आपल्या वस्त्यांत आहेत. हे काही नव्याने सांगायला नको.

घशात थेट पाहण्याची ही पद्धत १८९५ साली जर्मनीच्या आल्फ्रेड किर्स्टाईन यांनी प्रथम केली. लहान बाळांसाठी आजही वापरले जाणारे सरळ पाते अमेरिकेच्या रॉबर्ट मिलर यांनी १९४१ साली दिले. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षे पद्धत मुळात तीच. २००१ साली कॅनडातील शल्यचिकित्सक जॉन पेसी यांनी पात्याच्या टोकाशी कॅमेरा बसवून चित्र पडद्यावर आणणारे उपकरण बाजारात आणले. पुढे त्याची पाती लहान होत गेली आणि ती नवजात बाळाच्या तोंडात मावू लागली. त्याला व्हिडिओ लॅरिंगोस्कोप म्हणतात.

एका डोळ्याचे ज्ञान, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर

या यंत्राचा खरा फायदा कशात आहे, हे नीट पाहिले पाहिजे. जुन्या पद्धतीत घशातले दृश्य जगात एकाच माणसाला दिसते. ज्याच्या हातात पाते आहे त्याला. शेजारी वीस वर्षांचा अनुभव असलेले प्राध्यापक उभे असले तरी त्यांना काहीच दिसत नाही. "दिसतंय का?" "दिसतंय, सर." यापलीकडे ते शिकवणार काय? शिकाऊ डॉक्टर जे पाहतो आहे ती श्वासनलिका आहे की अन्ननलिका, हे त्यांना कळायचे कसे?

पडद्यावर मात्र सगळ्यांना दिसते. शिकवणारा म्हणू शकतो, थोडे मागे घे, उजवीकडे वळव, आता सरकव. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे याच मुद्द्यावर एक अभ्यास झाला आणि २०१५ साली 'पेडियाट्रिक्स' नियतकालिकात छापून आला. उपकरण सगळ्यांच्या हाती तेच. पण एका गटात शिकवणाऱ्याला पडदा दिसत होता, दुसऱ्या गटात त्याच्यापासून तो झाकला होता. गुरूला पडदा दिसत असताना शिकाऊ डॉक्टर शंभरात ६६ वेळा यशस्वी झाले. पडदा झाकलेला असताना ४१ वेळा. यंत्र तेच, बाळे तशीच, हात शिकाऊच. फरक फक्त एवढा की जाणत्या माणसाला दिसत होते की नव्हते.

ज्ञान एकाच्याच डोळ्यात कोंडून ठेवले की काय होते आणि सगळ्यांसमोर मांडले की काय होते, याचे याहून सरळ उदाहरण आम्हाला माहीत नाही. ज्यांच्या पूर्वजांना शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्यांना यातला अर्थ फोड करून सांगावा लागणार नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. डब्लिनचा अभ्यास एकाच रुग्णालयातला आहे, आणि पहिल्या प्रयत्नात नळी बसते की नाही एवढाच त्याचा मुख्य प्रश्न होता. पडदा लावला म्हणून बाळांचे मृत्यू इतक्या टक्क्यांनी घटले, असे त्या अभ्यासाने सिद्ध केलेले नाही, आणि आम्हीही तसे म्हणणार नाही. अतिशयोक्तीने खटला जिंकता येत नाही. पण पहिला प्रयत्न चुकणे हे बाळासाठी वाईट आहे, याबद्दल डॉक्टरांत दुमत नाही. नवजात बाळांच्या पुनरुज्जीवनाबाबत जगभर सल्ला देणाऱ्या 'इल्कोर' या आंतरराष्ट्रीय संस्थेनेही असे सुचवले आहे की साधने व प्रशिक्षण उपलब्ध असेल तेथे व्हिडिओ लॅरिंगोस्कोप वापरावा, विशेषतः जेथे कमी अनुभवाचे कर्मचारी हे काम करतात तेथे. जुने पातेही हाताशी राहू द्यावे.

या सल्ल्यातले दोन तुकडे वाचकांनी लक्षात ठेवावेत. "कमी अनुभवाचे कर्मचारी" हा एक. "साधने उपलब्ध असतील तेथे" हा दुसरा. आमचा सगळा प्रश्न या दोन तुकड्यांच्या मधे अडकला आहे.

वैजापूर, चोपडा, जळगाव

चोपडा तालुका तापीच्या उत्तरेला आहे. डोक्याशी सातपुडा, पायाशी केळीचे मळे. डोंगरात पावरा, बारेला, भिल्ल, तडवी यांचे पाडे. खाली गावोगावी आमच्या बौद्ध बांधवांच्या वस्त्या, ज्यांचा हात बारमाही दुसऱ्याच्या शेतात. पाड्यावरच्या बाईला अपुऱ्या दिवसांत कळा सुरू झाल्या तर तिची वाट ठरलेली असते. आधी वैजापूरसारखे प्राथमिक आरोग्य केंद्र, मग चोपड्याचे उपजिल्हा रुग्णालय, आणि बाळ गंभीर असेल तर पन्नासएक किलोमीटरवर जळगावचे सिव्हिल, जेथे २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गावच्या भाषेत, "बाळाला काचेत ठेवायला जळगावला नेलं."

सरकारची योजनाही याच पायऱ्यांची आहे. प्रसूती होते त्या प्रत्येक ठिकाणी नवजात काळजी कोपरा. मधल्या रुग्णालयात नवजात स्थिरीकरण कक्ष. जिल्ह्याच्या ठिकाणी विशेष नवजात काळजी कक्ष, ज्याला एसएनसीयू म्हणतात. केंद्राच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार या जिल्हा पातळीवरच्या कक्षातही, व्हेंटिलेटरवरचा कृत्रिम श्वास आणि मोठ्या शस्त्रक्रिया सोडून, बाकीची काळजी अपेक्षित होती. म्हणजे योजना लिहितानाच गरिबाच्या बाळाच्या काळजीची एक पायरी कमी धरली गेली. पुढे काही ठिकाणी सोयी वाढल्या, हे मान्य. पण नळी घालायची वेळ कोणत्याही पायरीवर येऊ शकते. बाळ पायरी बघून घुसमटत नाही.

आता पाहा, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रात्री दोन वाजता ही नळी घालतो कोण? निवासी डॉक्टर. शिकत असलेला तरुण किंवा तरुणी. त्यात त्यांचा दोष नाही. डॉक्टर शिकल्याशिवाय डॉक्टर होत नाही आणि शिकायचे म्हणजे माणसाच्या देहावरच शिकावे लागते. आमच्या समाजाची मुलेमुलीही आज तेथे पांढरा कोट घालून उभी आहेत, याचा आम्हाला अभिमान आहे. प्रश्न वेगळा आहे. ते कुणाच्या लेकरांवर शिकतात? खासगी दवाखान्याची पायरी चढण्याची ऐपत नाही त्यांच्या लेकरांवर. पावऱ्याच्या, भिल्लाच्या, बौद्धाच्या, गरीब मुसलमानाच्या, शेतमजूर मराठ्याच्या लेकरांवर. उद्या हाच डॉक्टर हात बसल्यावर शहरात खासगी रुग्णालयात जाईल आणि तेथे त्याच्या हाती कॅमेऱ्याचे यंत्रही असेल. म्हणजे शिकाऊ हात आणि जुने पाते गरिबाच्या वाट्याला. बसलेला हात आणि नवे यंत्र पैसेवाल्याच्या वाट्याला. तर्क नेमका उलटा सांगतो. या यंत्राचा सर्वांत जास्त उपयोग शिकाऊ हातांना होतो, म्हणून ते सर्वांत आधी सरकारी रुग्णालयात यायला हवे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ दरम्यान, देशात अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींमध्ये हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ४१ बालके वर्षाच्या आत दगावत होती. आरक्षणाबाहेरच्या समाजात हे प्रमाण बरेच कमी होते. महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर २०२० साली हजारी ११ होता, देशाचा २०. सरासरीत आपले राज्य पुढे आहे, याचे श्रेय राज्याला जरूर द्यावे. पण सरासरीच्या चादरीखाली सातपुड्यातले पाडे दिसत नाहीत.

चाळीसगावचा टांगा

आमच्या खानदेशच्याच भूमीवर १९२९ साली घडलेली घटना वाचकांना ठाऊक आहे. बाबासाहेब धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. महारवाड्यात न्यायला टांगा हवा होता, पण एकही टांगेवाला त्यांना बसवून न्यायला तयार होईना. शेवटी तडजोड झाली. टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. वस्तीतल्याच एकाने लगाम धरला. त्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. घोडा आणि टांगा तर पुलावरून खाली नदीत कोसळले. विलायतेतून बॅरिस्टर होऊन आलेल्या माणसाचा जीव त्या दिवशी अगदी थोडक्यात वाचला.

दोष त्या लगाम धरणाऱ्या बांधवाचा होता काय? बाबासाहेबांनी स्वतः ही हकीकत लिहिताना त्याला दोषी ठरवले नाही. त्यांनी बोट ठेवले ते अशा समाजावर, ज्याने जाणता हात अस्पृश्यासाठी उपलब्धच होऊ दिला नाही. आज कोणी टांगेवाला नाही म्हणत नाही. आज व्यवस्था एवढेच म्हणते की 'साधने उपलब्ध नाहीत'. लगाम मात्र शिकाऊ हातीच राहतो आणि पुलावरून पडते ते आमचेच लेकरू.

कायदा काय म्हणतो?

येथे वकील म्हणून दोन शब्द बोलणे आमचे कर्तव्य आहे.

२००५ साली जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय हलगर्जीपणाची कसोटी ठरवली. डॉक्टरांना ऊठसूट फौजदारी खटल्यात ओढू नये, हे न्यायालयाने योग्यच सांगितले. त्याच निकालात आणखी एक सूत्र आहे. एखादे विशिष्ट उपकरण वापरले नाही असा आरोप असेल, तर ते उपकरण त्या वेळी सर्वसाधारणपणे उपलब्ध नसल्यास आरोप टिकणार नाही. एकट्या डॉक्टरपुरते हे न्याय्य आहे. जे हातातच नाही ते त्याने वापरायचे कसे?

पण हेच सूत्र सरकारच्या बाजूने उभे करून पाहा. यंत्र विकत घ्यायचे नाही. मग ते उपलब्ध नसते. उपलब्ध नसते म्हणून कोणी दोषी नसतो. कोणी दोषी नसतो म्हणून ते विकत घेण्याची निकडही नसते. अशा वर्तुळात बाळ दगावते आणि कागदावर कोणाचीच चूक राहत नाही.

या वर्तुळातून बाहेर पडण्याची वाटही सर्वोच्च न्यायालयानेच दाखवली आहे. १९९६ च्या पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात, रेल्वेतून पडून जखमी झालेल्या हकीम शेख या शेतमजुराला सरकारी रुग्णालयांनी खाटा व सोयी नाहीत म्हणून दारातून परत पाठवले होते. न्यायालयाने स्पष्ट केले की तातडीचे उपचार मिळणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे आणि पैसे नाहीत असे सांगून राज्याला या जबाबदारीतून सुटता येणार नाही. त्याच वर्षीचा दुसरा निकाल आपल्या शेजारचा, औरंगाबादच्या सरकारी प्रसूती रुग्णालयातला आहे. १९६३ साली शस्त्रक्रियेत पोटात कापड राहून चंद्रिकाबाई नावाची बाळंतीण दगावली. तिचे पती अच्युतराव खोडवा तेहतीस वर्षे लढले. उच्च न्यायालयात हरले, सर्वोच्च न्यायालयात जिंकले. सरकारी रुग्णालयातल्या हलगर्जीपणाला राज्य जबाबदार आहे, हे त्या निकालाने पक्के केले.

एक कात्री मात्र आहे, तीही समजून घ्या. १९९५ च्या इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालाप्रमाणे, जेथे सर्वांनाच मोफत सेवा मिळते असे रुग्णालय ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाही. पैसे मोजणारा बाप ग्राहक मंचात जाऊ शकतो. मोफत उपचार घेणाऱ्या शेतमजूर बापाला दिवाणी दावा लावावा लागतो किंवा अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जावे लागते. ज्याच्याकडे कमी आहे त्याची वाट लांबची. म्हणूनच ही लढाई एकेका बापावर सोडून चालणार नाही. ती संघटनेने लढवली पाहिजे.

आधी पिशवी, मग पडदा?

आमच्याच काही मित्रांचा आक्षेप येईल. प्राथमिक केंद्रात मास्क आणि हवा देण्याची पिशवी चालू स्थितीत असेल की नाही याची खात्री नाही, आणि तुम्ही कॅमेऱ्याच्या गोष्टी करता?

आक्षेपात तथ्य आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. घुसमटलेल्या बाळाला हवा कशी द्यायची हेही त्या शिकल्या. ३९ गावांतल्या या कामाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. कमी शिकलेल्या खेडूत बाईच्या हातांनी हे घडवले. म्हणून वैजापूरला आणि पाड्यावर आधी पिशवी, मास्क, ऊब आणि शिकलेली माणसे हवीत, यात वाद नाही. बहुतेक बाळे तेवढ्यानेच वाचतात.

पण 'आधी हे, मग ते' या वाक्याने आम्हाला किती पिढ्या रांगेत उभे केले, तेही आठवा. पिशवी वैजापूरला हवी, पडदा जळगावला हवा. दोन्ही ठिकाणी बाळ एकच आहे. वैजापूरला मास्कने वाचवलेले बाळ जळगावला तिसऱ्या प्रयत्नात गमवायचे, याला काटकसर म्हणायचे काय?

उलट बाजूही तितकीच खरी आहे. यंत्र आणून कपाटात कुलूपबंद केले, किंवा त्याची देखभाल केली नाही, तर ते निरुपयोगी, प्रसंगी जीवघेणेही. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. ज्या कक्षात आईबापांनी जीव वाचवायला बाळे ठेवली होती, तेथेच ती गेली. २०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बाळे होती. त्यानंतर काय झाले? एका खासदाराने तेथील अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले. ते अधिष्ठाता आदिवासी समाजातले होते. ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. औषधे आणि उपकरणे वेळेवर का खरेदी होत नाहीत, हा मूळ प्रश्न बाजूला पडला आणि एका आदिवासी डॉक्टरच्या हाती झाडू आला. उच्च न्यायालयाने या मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली, हाच काय तो दिलासा.

म्हणून आम्ही कोणत्याही डॉक्टरविरुद्ध बोट दाखवत नाही. रात्री दोन वाजता किलोभराच्या बाळाच्या घशात डोळा बारीक करून पाहणारा तो निवासी डॉक्टर आमचा शत्रू नाही. तो आमचा साक्षीदार आहे.

करायचे काय?

भाषणाने यंत्र येत नाही. चळवळीच्या कार्यकर्त्यांनी पुढील कामे हाती घ्यावीत.

पहिले, माहितीचा अधिकार. दहा रुपयांचे शुल्क, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही, आणि उत्तर तीस दिवसांत. आपल्या उपजिल्हा रुग्णालयाला आणि जिल्ह्याच्या महाविद्यालयाला विचारा. नवजात बाळांसाठीची शून्य आणि दोन शून्य क्रमांकाची पाती किती आहेत, किती चालू आहेत? नळी श्वासनलिकेतच गेली याची खात्री करणारे, उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड ओळखणारे साधन आहे काय? व्हिडिओ लॅरिंगोस्कोप आहे काय, आणि असल्यास त्याला नवजाताचे पाते आहे काय? कोविडच्या काळात रुग्णाच्या तोंडापासून अंतर राहावे म्हणून हे यंत्र वापरण्याचा सल्ला जगभर दिला गेला होता. पण मोठ्या माणसाचे पाते बाळाच्या तोंडात जात नाही. नसल्यास मागणी केव्हा केली, ती कोणाच्या टेबलावर आहे?

दुसरे, प्रशिक्षण. नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रम २००९ पासून आहे. आपल्या प्रसूतिगृहातील परिचारिकांचे आणि डॉक्टरांचे शेवटचे प्रशिक्षण कोणत्या तारखेला झाले, हे लेखी मागा. बाहुलीवर सराव करण्याची सोय मागा. यंत्राबरोबर शिकवणाराही मागा, कारण मेलबर्नचा धडा हाच आहे.

तिसरे, वीज आणि आग यांच्या तपासणीचा अहवाल. भंडाऱ्याची दहा बाळे विसरू नका.

चौथे, वाहतूक. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून आजारी नवजाताचे उपचार, औषधे आणि ने-आण मोफत आहे. सुरुवातीला तीस दिवसांपर्यंत असलेली ही सोय पुढे एक वर्षापर्यंत वाढवली गेली. कोणी पैसे मागितले तर पावती मागा आणि तक्रार करा. चोपड्याहून जळगावला जाणाऱ्या बाळासोबत गाडीत प्राणवायू आणि हवा देता येणारे माणूस असलेच पाहिजे.

पाचवे, निधी. आदिवासी उपयोजना आणि अनुसूचित जाती उपयोजना यांचा पैसा हा आमच्या हक्काचा पैसा आहे. २०२५ साली सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांचा निधी दुसऱ्या योजनेकडे वळवल्याची तक्रार खुद्द सामाजिक न्यायमंत्र्यांनीच जाहीरपणे केली होती. बहिणींना मदत जरूर द्या, पण बहिणीच्या लेकराच्या श्वासाचा पैसा कापून नको. चोपडा विधानसभा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. राखीव जागेवर निवडून जाणाऱ्याला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला दुप्पट अधिकार आहे.

बाबासाहेब आणि माता रमाईंची चार लेकरे, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न, लहानपणीच गेली. एकटे यशवंतराव जगले. जुलै १९२६ मध्ये राजरत्न गेला आणि १९२८ च्या जुलैत मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. बाळंतिणीला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारने उचलायला हवा, ही त्यांची भूमिका होती. स्वतःच्या घरातले दुःख त्यांनी कुरवाळत बसून ठेवले नाही. त्यांनी ते सभागृहात नेले आणि कायद्याच्या भाषेत मांडले.

आपल्या वस्त्यांत, पाड्यांवर आजही कोवळी लेकरे जातात आणि आपण "नशिबात नव्हतं" म्हणून माती देऊन येतो. बुद्धाच्या धम्मात नशीब नाही, कारण आहे. प्रत्येक दुःखाला कारण आहे आणि कारण दूर केले की दुःख दूर होते. कारण कुठे वाकडे पाते असेल, कुठे बंद पडलेली बॅटरी असेल, कुठे न भरलेले पद, कुठे टेबलावर पडून राहिलेली फाईल. ते शोधायचे, लिहून काढायचे आणि ज्याने उत्तर द्यायचे त्याच्या समोर ठेवायचे. या महिन्यात प्रत्येक तालुक्यातून एक तरी अर्ज गेला पाहिजे. चोपड्याचा अर्ज आम्ही लिहायला घेतला आहे.

जयभीम!